निमगाव जाळीचा कारभारी

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यावर येणारा माणूस बहुधा पंडित नेहरूंची खोली शोधत येतो. 1942 ते 1945 या काळात काँग्रेसचे पुढारी इथे बंदीत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. ती खोली पाहावीच. पण या खेपेला खंदकाच्या कडेनं चालताना माझ्या मनात किल्ल्याच्या इतिहासातली दुसरीच तारीख होती : 13 जून 1817.

हा किल्ला निजामशाहीचा. पुढे तो मोगलांकडून पेशव्यांकडे आणि पेशव्यांकडून दौलतराव शिंद्यांकडे गेला. नाना फडणीस 1797 मध्ये शिंद्यांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांना इथेच आणून ठेवलं होतं. 12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं किल्ला घेतला. त्यानंतर इंग्रजांनी तो पेशव्यांच्या हवाली केला खरा, पण 1817 च्या पुण्याच्या तहानं कायमचा काढून घेतला. त्या तहात दुसऱ्या बाजीरावानं किल्ले दिले, मुलूख दिला, मराठा मंडळाचं प्रमुखपण सोडलं आणि आपल्याच एका कारभाऱ्याचं नाव घालून तो खुनी असल्याचं लिहून दिलं. त्र्यंबकजी डेंगळे हे ते नाव. तो याच जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचा.

शाळेच्या पुस्तकात त्र्यंबकजी एका वाक्यापुरता येतो : गंगाधरशास्त्र्यांचा खून करवणारा, बाजीरावाचा नादान मंत्री. हे वाक्य मुळात ज्यांनी लिहिलं ते पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीत बसलेले त्याचे शत्रू होते. ते खोटंच बोलले असं मी म्हणत नाही. पण एका माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या शत्रूच्या दप्तरातूनच वाचायचं, तर निदान एकदा त्याच्या गावच्या रस्त्यानं जाऊन यावं, एवढ्यासाठी मी निघालो.

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की राहुरी येते. मुळा नदी आणि कृषी विद्यापीठाची शेतं मागे टाकून पुढे गेलं की प्रवरेकाठचं कोल्हार. इथे भगवतीचं देऊळ आहे, बाजार आहे, आणि इथूनच डावीकडे लोणीचा फाटा फुटतो. या फाट्यापासून मुलूख बदलतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये डाळिंबाच्या बागा, गोठे, दुधाच्या गाड्या. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं आणि कालव्यांनी या पट्ट्यात पसरतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना वाटेवरच, प्रवरानगरला आहे. गळिताच्या दिवसांत हा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो आणि मळीचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो.

त्र्यंबकजीच्या वेळचा मुलूख समजून घ्यायचा तर हे सगळं डोळ्यांसमोरून पुसून टाकावं लागतं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी इथे बाजरी होती आणि आभाळाकडे लागलेले डोळे होते. त्यात 1802 ते 1804 ही वर्षं नगर प्रांताला फार वाईट गेली. यशवंतराव होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजा, पेंढारी, पाठोपाठ अपुरा पाऊस. उभी पिकं घोड्यांनी खाल्ली, बियाणं लुटलं गेलं आणि दुष्काळानं गावंच्या गावं ओस पाडली. अशा मुलखातला हुशार, काटक, दरबारात वशिला नसलेला तरुण वर चढणार कसा? बातमी आणणं हा एक मार्ग होता.

त्र्यंबकजी बाजीरावाचा जासूद होता. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, होळकरांनी हडपसरला पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पुणं सोडून पळाला तो सिंहगड, रायगड करत महाडला पोचला. पुण्यात आपल्या पाठीमागे काय चाललंय हे त्याला कळेना. त्या वेळी त्र्यंबकजीनं महाडहून पत्र घेऊन पुणं गाठलं आणि कुणाला खरं वाटणार नाही इतक्या थोड्या वेळात उत्तर आणून धन्याच्या हातात ठेवलं. मधे सह्याद्रीचा घाट आणि खाली-वर सगळीकडे होळकरांचे लोक. बाजीरावाच्या मनात तो तिथेच बसला. आयुष्यभर संशयानं पोखरलेल्या त्या पेशव्याला एक माणूस भरवशाचा सापडला होता, आणि सांगितलेलं काम करून दाखवणं हेच त्या माणसाचं भांडवल होतं.

लोणी मागे पडलं की निमगाव जाळी लांब नाही. गावात डेंगळ्यांचा वाडा विचारला तर वाट सापडते. या पट्ट्यातल्या गढ्या आणि वाडे मी बरेच पाहिलेत. खाली घडीव दगड, वर वीट आणि पांढरी माती, आणि पावसागणिक वरचा भाग थोडा थोडा उतरत जातो. अशा ठिकाणी उभं राहिलं की त्या काळच्या सत्तेची घडण कळते. पुण्याच्या दरबारात मान मिळवलेला माणूस पैसा आणि दगड आपल्या गावात आणून लावत असे, कारण दरबारातली जागा आज आहे आणि उद्या नाही. पारावर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “पाव्हणं, कुनीकडचं?” मी सांगितलं, कशासाठी आलो तेही सांगितलं. ते म्हणाले, “लई मोठा माणूस व्हता. विंग्रजाला दमवलं त्यानं.” शास्त्र्याच्या खुनाचं त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही. खेड्याच्या आठवणीत त्र्यंबकजी हा इंग्रजांना दमवणारा आहे, कागदात तो खुनी आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत जड वाटणारा भाग खुनाचा नाही, वसुलीचा आहे. थोरल्या माधवरावाच्या आणि नाना फडणिसांच्या काळी परगण्यावर कमाविसदार नेमला जाई. तो सरकारचा नोकर. त्याच्यावर देखरेख असे, हिशेब तपासले जात, आणि गाव पडलं तर सूट देण्याची रीत होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारात मक्त्याची पद्धत बळावली आणि त्र्यंबकजी तिचा मुख्य हात झाला. परगणा जो जास्त बोली करील त्याला. मक्ता थोड्या मुदतीचा, आणि पुढच्या साली कोणी चढी बोली केली तर तोही हातातून जायचा. म्हणून मक्तेदार मिळेल तेवढं वर्षाच्या आत काढणार. तो आपला परगणा तुकड्यांनी धाकट्या मक्तेदारांना विकणार, ते गावच्या पाटलाला गाठणार, आणि पाटलानं आकडा कबूल केला नाही तर गावच दुसऱ्याच्या हाती देणार. शेवटी सगळं ओझं कुणब्याच्या बैलावर आणि बियाण्यावर. त्यातून न्यायाचं कामही त्याच मक्तेदाराकडे, तेव्हा दाद मागायची ती ज्याच्याविरुद्ध मागायची त्याच्याकडेच. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या मुलखावर हे बसलं. बाजीरावाचा खजिना भरला. त्र्यंबकजी स्वतः अशाच एका कोरडवाहू गावातून आलेला होता. त्याला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

त्याचं दुसरं काम राजकारणाचं. 1811 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. पेशव्यांचं आणि इंग्रजांचं बोलणं तोवर खुशरूजी मोदी या पारशी गृहस्थाच्या हातून चाले. तो रेसिडेन्सीचा माणूस आणि त्याच वेळी पेशव्यांचा कर्नाटकचा सरसुभेदारही. त्र्यंबकजीनं त्याला हटवलं आणि कर्नाटकचा सुभा स्वतःकडे घेतला. मोदी पुढे विषानं मेला. ते त्यानं घेतलं की त्याला दिलं, यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. आता बाजीराव आणि एल्फिन्स्टन यांच्यामध्ये त्र्यंबकजी उभा राहिला. इंग्रजांशी झालेल्या वसईच्या तहानं पेशव्याला परराज्यांशी स्वतंत्र बोलणी करायला बंदी होती. तरी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्याकडे पेशव्यांची माणसं जाऊ लागली आणि या हालचालींमागे त्र्यंबकजी आहे, असं रेसिडेन्सीला पक्कं कळलं होतं. शास्त्र्याचा खून व्हायच्या आधीच एल्फिन्स्टनला हा माणूस पुण्यात नको होता, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावी लागते.

बडोद्याच्या गायकवाडांकडे पेशव्यांची जुनी बाकी होती, आणि अहमदाबादच्या मक्त्याची मुदत 1814 मध्ये संपत होती. गायकवाडांना तो मक्ता पुढे हवा होता. त्यासाठी गायकवाडांचा कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आला. बाजीरावानं अहमदाबादचा सुभा उलट त्र्यंबकजीच्याच नावे केला. मग शास्त्र्याला गोंजारणं सुरू झालं. पेशव्याच्या मेहुणीचं लग्न शास्त्र्याच्या मुलाशी ठरलं, नाशिकला तयारी झाली, आणि शास्त्र्यानं ते लांबणीवर टाकलं. बाजीरावाला तो अपमान वाटला. जुलै 1815 मध्ये, आषाढात, पेशवे पंढरपूरला गेले आणि शास्त्रीही बरोबर गेला. एका रात्री त्र्यंबकजीचं वारंवार बोलावणं आलं म्हणून तो विठ्ठलाच्या दर्शनाला निघाला. दर्शन झालं, बोलणं झालं, आणि परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्याला गाठून तोडलं.

पंढरपूरला गेलो की त्या गल्ल्यांमध्ये मला ही रात्र आठवते. आषाढात, देवाच्या दारातून निघालेल्या ब्राह्मणाचा खून. त्या काळच्या लोकांना याचा किती धक्का बसला असेल हे आज सांगून कळणार नाही. पुण्यात लोक उघड त्र्यंबकजीचं नाव घेत होते. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहायला गेला होता. तिथून तो परतला, त्यानं साक्षी-पुरावे जमवले आणि त्र्यंबकजीला ताब्यात द्या अशी मागणी केली. शास्त्र्याला परतवाटेवर गाठण्याची सोय ज्यानं बोलावलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नव्हती, हे मला पटतं. पण खुनाचा हुकूम कोणाचा? एवढं मोठं काम धन्याच्या नकळत करणारा तो कारभारी नव्हता. पेशव्याला इंग्रजांनी प्रश्न विचारला नाही, कारण पेशव्याशी त्यांना अजून तह करायचे होते. खटला कधी चाललाच नाही. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश समोरासमोर आलेच नाहीत. एका माणसावर सगळं टाकणं दोन्ही बाजूंच्या सोयीचं होतं.

बाजीरावानं टाळाटाळ केली, त्र्यंबकजीला वसंतगडावर ठेवलं, आणि इंग्रज फौजा हलताहेत हे दिसल्यावर सप्टेंबर 1815 मध्ये त्याला त्यांच्या हवाली केलं. धन्यानं त्याला सोडून देण्याची ही पहिली वेळ.

त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या त्या भिंती अजून तेच काम करताहेत. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा गोऱ्यांचा ठेवला. पण पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला लागलेला मोतद्दार घोडा फिरवताना, खरारा करताना, कोठडीच्या खिडकीखाली गाणी म्हणे. पहारेकऱ्यांना ती नुसती गाणी वाटत. त्यांतून आतल्या माणसाला बाहेरचा बेत कळत होता. 12 सप्टेंबर 1816 च्या संध्याकाळी त्र्यंबकजी शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. ही हकिकत कलकत्त्याचा बिशप रेजिनल्ड हेबर यानं आपल्या प्रवासवृत्तात नोंदली आणि पुढे महाराष्ट्रात ती घरोघर सांगितली गेली. गाणारा तो मोतद्दार कोण होता हे माझ्या वाचनात नाही.

सुटल्यावर त्यानं साताऱ्याकडचे महादेवाचे डोंगर, नाशिक-संगमनेरकडचे डोंगर आणि खानदेश असा मुलूख धरला. रामोशी, मांग, भिल्ल जमवले. त्याच्या कुळातला गोदाजी डेंगळे खानदेशात उठला. ज्यांना फौजेत, दरबारात, गावाच्या पंगतीत जागा नव्हती असे लोक त्याच्याभोवती गोळा झाले. याला इतिहासकार दंगेखोरी म्हणतात, आणि गावं लुटली गेली हेही खरं. तरी फौज मोडल्यावर डोंगरातून लढत राहण्याची ही रीत पुढे उमाजी नाइकानं आणि खानदेशातल्या भिल्लांनी चालू ठेवली, हे त्यांच्यातलं नातं मला महत्त्वाचं वाटतं. बाजीराव इंग्रजांना सांगत होता की त्र्यंबकजी कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि गुपचूप पैसा पोचवत होता. मे 1817 मध्ये एल्फिन्स्टननं महिन्याची मुदत दिली : त्र्यंबकजी आणून द्या, तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड गहाण ठेवा. त्यातूनच जूनचा तो तह झाला आणि नगरचा किल्ला गेला. ज्या माणसावरून किल्ला गेला तो त्या दिवशी किल्ल्यापासून फार लांब नसावा असं, निमगावहून दिसणारे डोंगर पाहताना, मनात येऊन जातं.

पुढचं भराभर घडलं. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली आणि त्र्यंबकजी पेशव्यांच्या फौजेला येऊन मिळाला. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाच्या लढाईत तो होता. 20 फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले आणि लढण्याची इच्छा असलेला सेनापती उरला नाही. 3 जून रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या छावणीत गेला. वर्षाला 8 लाख रुपये, काशीच्या बाजूला कुठेतरी राहणं, आणि जिवाची हमी त्याला मिळाली. त्र्यंबकजीसाठी त्यात काही नव्हतं.

तो उत्तरेकडे गेला नाही. वेगळा होऊन आपल्या ओळखीच्या मुलखाकडे वळला आणि महिनाभरात निफाडजवळच्या अहिरगावी कॅप्टन स्वॅन्स्टनच्या तुकडीच्या हाती सापडला. तिथून पुन्हा ठाणं, मग बंगाल, आणि अखेर मिर्झापूर जिल्ह्यातला चुनारचा किल्ला.

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना माझं सांगणं आहे की एक दिवस काढून चुनारला जावं. गंगेच्या वळणावर सरळ उभा असलेला हा खडक, त्यावरचा किल्ला, आणि तो पिवळसर वाळूचा दगड ज्यातून अशोकाचे स्तंभ घडले. मराठी माणूस तिथे भर्तृहरीच्या समाधीसाठी जातो, वॉरन हेस्टिंग्जचा बंगला पाहतो आणि परततो. त्र्यंबकजी इथे सुमारे दहा वर्षं होता. 1824 मध्ये बिशप हेबर त्याला इथेच भेटला. हेबरनं लिहून ठेवलं आहे की पहारा फार कडक होता, निजायच्या खोलीच्या गजांच्या खिडक्याही पहारेकऱ्यांच्या पडवीत उघडत. पण खोल्या हवेशीर होत्या, पूजेला छोटं देवघर होतं, चार नोकर होते आणि पिंपळाच्या सावलीत एक लहानशी बाग होती. तीत त्यानं तेरडा आणि दुसरी फुलझाडं हौसेनं लावली होती. माणूस ठेंगणा, चपळ, चिडका, अंगावर लाल काठाचं मळकं पांघरूण घेतलेला. आपली सुटका व्हावी म्हणून बिशपनं गव्हर्नर जनरलकडे शब्द टाकावा अशी त्यानं विनवणी केली. तसं काही झालं नाही. 1829 मध्ये तो तिथेच वारला.

त्या वेळी बाजीराव कानपूरजवळ बिठूरला होता. बिठूरही गंगेवर, वरच्या अंगाला. पेशवा तिथे आपल्या माणसांच्या गोतावळ्यात, यज्ञ-दानात, नवी लग्नं करत 1851 पर्यंत जगला. त्या बत्तीस-तेहतीस वर्षांत त्याचे आठ लाख ईस्ट इंडिया कंपनी पोचवत राहिली. आपल्या कारभाऱ्यासाठी त्यानं कधी जोर लावल्याचं माझ्या वाचनात नाही. नुसता नादानपणा मोजायचा तर तो कोणाच्या पदरी जास्त जातो, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. माझ्या लेखी त्र्यंबकजी शेतकऱ्याला नागवणाऱ्या कारभाराचा जबाबदार आहे, शास्त्र्याच्या रक्ताचा भागीदार आहे, आणि हातात सत्ता आल्यावर ती कशी वापरायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि तरीही त्या दरबारात परक्याची सत्ता घरात शिरली आहे हे ओळखून, तिच्याशी शेवटपर्यंत अडून राहिलेल्या थोड्या माणसांत त्याचं नाव घ्यावं लागतं. बाजीरावाचे कितीतरी मोठे सरदार 1818 मध्ये आपापल्या सनदा इंग्रजांकडून नव्या करून घेत होते. डोंगरात राहिला तो जासुदकीतून वर आलेला हा निमगावकर.

निमगाव जाळीहून संगमनेर जवळच आहे. मुक्काम तिथे करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सिन्नरवरून निफाडकडे निघून अहिरगाव पाहता येतं. त्र्यंबकजीच्या गावापासून तो पकडला गेला त्या गावापर्यंतची ही सगळी वाट अर्ध्या दिवसाची आहे. त्याच वाटेनं जाताना समजतं की ज्या माणसाला शोधायला कंपनीनं तीन-तीन ठिकाणी फौजा पाठवल्या आणि ज्याच्यावरून एका राज्याशी तह बदलला, तो मोकळा असताना बराच वेळ आपल्या घरापासून दोन-चार मजलांच्याच टापूत होता. त्या टापूतल्या गावांनी त्याला लपवलं आणि खाऊ घातलं. मक्त्यानं नागवलेली गावंही त्यांत असणार. ती का उभी राहिली याचं उत्तर रेसिडेन्सीच्या कागदांत मिळत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या नगर आणि नाशिक प्रांतांच्या मोडी रुमालांत ते शोधायला हवं, आणि संगमनेरच्या नाहीतर नगरच्या एखाद्या मोडी वाचणाऱ्या तरुणानं ते काम हाती घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.